उभं घर

बत्तिसाव्या मजल्यावरच्या झुबिनने जाताना मला दिली.
टोरांटोला कोळीण नेता येत नाही, म्हणाला,
आणि काका, तुम्हाला उंचीचं कळतं.
एवढ्या बोलण्यावर मी तिला सर्व्हिस लिफ्टने खाली आणली,
बत्तीस मजले छातीशी धरून,
हळू जा बाई, असं स्वतःच्याच मशीनला विनवत.

आता ती कन्नमवार नगरात.
फ्रिजवर नाही, फ्रिज थरथरतो.
कपाटाच्या खणात, जिथे ऊन पोचत नाही तिथे
हातभर उंच, वीतभर रुंद पेटी,
आत एक उभी साल.
नाव ठकी.
अंगावर काळी लव, पायांची टोकं गुलाबी,
आळता लावून वाळवत बसल्यासारखी.

आमच्या धंद्यात माणूस दोर तुटून क्वचित मरतो.
मरतो तो दारामुळे.
दार उघडतं आणि पलीकडे लिफ्टच नसते.
ठकीच्या पेटीचंही दारच चुकलेलं, वरून उघडणारं.
ती राहते वर, झाकणालाच जाळं शिवून.
झाकण उचललं की तिचं छप्पर फाटायचं.
मी तीनदा फाडलं.
तिसऱ्यांदा ती मनगटावरून कोपरापर्यंत आली
आणि तिथे थांबली.
मीही थांबलो.
दोन मजल्यांमध्ये अडकलेली माणसं कशी गप्प होतात
ते मला त्या दिवशी आतून कळलं.

मग समोर, खालच्या बाजूला सरकतं दार बसवलं. कड्या दोन.
वरची जाळी काढली, तिची नखं अडकत होती.
सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने आमनेसामने भोकं पाडली,
तिच्या डोक्याहून बारीक,
कारण डोकं गेलं की मागचं अंग
कणकेच्या गोळ्यासारखं कुठूनही जातं.
तिला दमट हवा लागते, कोंदट चालत नाही.
हा फरक मुंबईत मी कुणाला समजावणार?

श्रावणात तिने खाणं सोडलं, दार विणून बंद केलं.
आतला उरलेला रातकिडा मी चिमट्याने काढला.
कात टाकताना ती इतकी मऊ असते
की भुकेला रातकिडाही तिला कुरतडतो.
रेवती दारातूनच म्हणाली, उपास धरलाय वाटतं.
दोन वर्षांत ती त्या खोलीत एकटी गेली नव्हती.

आणि मग ती संध्याकाळ.
मी परळला, लिफ्टच्या खड्ड्यात, डोक्यावर बॅटरी.
फोन आला : डेंग्यूचा धूर मारायला आलेत, आपल्याच गल्लीत, काय करू?
मच्छर मरतो त्याने ठकीही मरते,
हे मी तिला कधी सांगितलं होतं, आठवत नाही.
खिडकी लाव, म्हणालो, ओला टॉवेल...
आणि रेंज गेली.

अकराला घरी पोचलो. खण रिकामा.
कुलपाला लावतात तसा उंबऱ्याला टॉवेल दाबलेला,
घरात रॉकेलसारखा वास.
खाडीच्या बाजूला, वाऱ्याच्या उलट्या अंगाला,
शेवटच्या इमारतीच्या बाकावर रेवती सापडली.
मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीत पेटी, वरून ओढणी.
तीन तास.

बायका विचारून गेल्या, पिशवीत काय?
म्हटलं, कोळीण आहे.
तर पाटलीण म्हणते, पापलेट काय भावाने देते?

मी हसलो नाही. मी कड्या तपासल्या.
दोन्ही लागलेल्या, एकीला वरून रबरबँडही.
ओढणीखाली ठकी सालीच्या टोकाला, जागीच.

पडत कशी नाही गं ही? रेवती म्हणाली,
मला नाही, तिला.
मी दोरखंड ओळखतो, ब्रेक ओळखतो, आवाजावरून बेअरिंग ओळखतो.
मी काही बोललो नाही.
चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढलो.
आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
पिशवी तिने मला धरू दिली नाही.